उमललं की दिसेनासं होणारं नाव

बारेंट झ्वेट्सलोटने एकतीस वर्षांत एकतीस चित्ररथ केले. दुसरा क्रमांक अकरा वेळा मिळाला, तिसरा नऊ वेळा, पहिला कधीच नाही. हे आकडे मला पाठ आहेत, कारण दर एप्रिलमध्ये फुलांची मिरवणूक संपली की तो ते मोजून दाखवतो आणि चुकला की मी दुरुस्त करते. यंदा त्याने जानेवारीतच सांगून टाकलं, की हा शेवटचा. बोटांचे सांधे सुजतात, तार वळवता येत नाही.

"एक कासव करतो," तो म्हणाला, "आणि पक्कड आपल्या ट्रकवाल्या योपच्या हातात देतो. पहिला नंबर घेऊन थांबायचंय मला. नाही मिळाला तरी थांबायचंच आहे, पण घेऊन थांबायचंय."

कासव नऊ मीटर लांब होतं. लोखंडी सांगाडा, त्यावर पेंढा, पेंढ्यावर एकेक करून टोचलेल्या हायसिंथच्या कळ्या. पाठीच्या ढालींना जांभळ्यापासून निळ्यापर्यंत सात छटा होत्या. मी कंदांच्या तपासणी केंद्रात काम करते, त्यामुळे कुठली जात कुठल्या दिवशी किती उमलेल हे काढून देण्याचं काम बावीस वर्षं माझ्याकडे आहे. मान मात्र पूर्णपणे बारेंटची. कासवाच्या पोटात एक खुर्ची होती, खुर्चीसमोर सायकलचं पायडल. ते फिरवलं की साखळीवरून मान हळूहळू वर यायची, जरा थांबायची आणि श्वास घेतल्यासारखी खाली जायची. मी ती पहिल्यांदा हललेली पाहिली तेव्हा हातातला चहा प्यायचा विसरले.

शेपटीकडच्या बाजूला प्रायोजकाचं नाव. मिरवणुकीच्या नियमानुसार ते पूर्ण मार्गभर रथावर असलं पाहिजे आणि अक्षरं चाळीस सेंटिमीटर उंच हवीत. बारेंट ती बरोबर चाळीसच करायचा, एक्केचाळीस कधी नाही. नाव म्हणजे त्याला चित्रावरचा डाग वाटायचा. आमच्या प्रायोजक थेआबाई रोटेफेल. झांडहोर्न गावात त्यांचं सहलींचं दुकान आहे, 'रोटेफेल विमानसहली'. गावातले निम्मे लोक त्यांच्याच तिकिटावर उन्हात पडून येतात.

मिरवणुकीच्या आदल्या आठवड्यात वेरमोंड शहराकडून पत्र आलं. मिरवणूक आमच्या गावातून निघते आणि सहा गावं ओलांडून वेरमोंडच्या मोठ्या चौकात संपते. परीक्षकही तिथेच बसतात. पत्रात लिहिलं होतं, की शहराच्या हद्दीत सार्वजनिक जागी कोळसा, तेल, वायू आणि त्यांच्यावर चालणाऱ्या प्रवासाची जाहिरात करायला बंदी आहे, आणि हा नियम चाकांवरच्या फुलांनाही लागू आहे.

बुधवारी पत्र लिहिणारा अधिकारी स्वतःच सायकलवरून शेडमध्ये आला. सांडर वीखमान, तिशीतला, अतिशय सभ्य मुलगा. त्याने आधी कासवाभोवती पूर्ण फेरी मारली.

"सुंदर आहे," तो म्हणाला. "कासवाला आमची काहीच हरकत नाही."

"उपकार झाले," बारेंट म्हणाला. "ते विमानाने जात नाही, पोहत जातं."

"हरकत फक्त 'विमानसहली' या शब्दाला आहे. 'रोटेफेल' राहू द्या. आडनावाने धूर निघत नाही."

थेआबाई पेंढ्याच्या गठ्ठ्यावर बसून कॉफी पीत होत्या. त्या ताडकन उठल्या. "नुसतं रोटेफेल? अहो, माझ्या दिराचं मांसाचं दुकान आहे वेरमोंडमध्ये! रोटेफेल म्हटलं की लोकांना त्याचे सॉसेज आठवतात. म्हणजे मी वर्षभराची पुंजी लावून त्याची जाहिरात करू? आमचं तर बोलणंही नाही."

सांडरने वही उघडली, एक पान मागे गेला आणि त्याचा चेहरा पडला. "मांसाच्या जाहिरातीलाही बंदी आहे," तो हळूच म्हणाला. "गेल्या वर्षापासून."

"घ्या," बारेंट म्हणाला. "आता आडनावातूनही धूर निघाला."

ट्रक चालवणारा योप कोपऱ्यात चाकात हवा भरत होता. त्याने तिथूनच विचारलं, "साहेब, हा कासव ओढणारा ट्रक डिझेलवर चालतो बरं का. मागून चांगला काळा धूर येतो. त्याचं काय?"

"ट्रक कशाची जाहिरात करतोय का?"

"नाही. नुसता धूर सोडतोय."

"मग तो माझ्या विभागात येत नाही."

यानंतर दोन तास चर्चा झाली. नाव कापडाने झाकावं, तर परीक्षकांचा नियम आडवा येतो. रथाचा प्रत्येक इंच फुलांनीच झाकलेला हवा, कापड दिसलं की गुण गेले. नाव काढून टाकावं, तर थेआबाई गेल्या, आणि त्यांच्याबरोबर कासवही. शहराच्या हद्दीपाशी जेवणाची पंचवीस मिनिटांची सुट्टी असते. तेवढ्यात अक्षरांवर दुसरी फुलं टोचावीत, असं कुणीतरी सुचवलं. त्या अक्षरांना दोन माणसांचे पाच तास लागतात, हे मी सांगितलं. बारेंट कासवाच्या मानेकडे बघत उभा होता. तो गप्प बसला की मला ते बोलण्यापेक्षा जास्त ऐकू येतं.

म्हणून मी बोलले.

ट्युलिपची एक ठेंगणी जात आहे. तिच्या पाकळ्या बाहेरून लाल आणि आतून सायीसारख्या पांढऱ्या असतात. थंडीत फूल मिटलेलं राहतं आणि लाल दिसतं. ऊब मिळाली की ते पूर्ण पसरतं, चांदणीसारखं, आणि मग वरून फक्त पांढरं दिसतं. पाकळीच्या आतला आणि बाहेरचा थर वेगवेगळ्या तापमानाला भराभर वाढतो, एवढंच त्यामागचं कारण. अक्षरं या ट्युलिपची केली आणि भोवतालची जमीन पांढऱ्या हायसिंथची, तर सकाळी गारठ्यात नाव लाल दिसेल आणि दुपारी उन्हात जमिनीत विरून जाईल. मिरवणूक सकाळी साडेनऊला निघते. थेआबाईंचं सगळं गिऱ्हाईक पहिल्या तीन गावांत राहतं. वेरमोंडमध्ये आपण पोहोचतो दुपारी अडीचला.

"म्हणजे नाव असेलही आणि नसेलही," योप म्हणाला.

"नाव असेल. दिसणार नाही."

"कंदांच्या डॉक्टरीणबाई," बारेंट म्हणाला, "तू बावीस वर्षं हे पोटात ठेवून बसली होतीस?"

सांडरला ही कल्पना मनापासून आवडली. त्याने बाहेर जाऊन कायदा विभागाला फोन केला. परत आला तेव्हा त्याने एक वाक्य लिहून आणलं होतं आणि ते तो सगळ्यांना वाचून दाखवू लागला. 'रथ हद्दीच्या पाटीपाशी आल्यावर त्यावर कोणताही बंदी असलेला मजकूर वाचता येऊ नये.' सगळ्यांनी माना डोलावल्या. थेआबाईंना नाव मिळालं, शहराला नियम मिळाला, मिरवणुकीच्या मंडळाला फुलं मिळाली. अशा वेळी आमच्याकडे त्या वाक्यात काय नाही हे कुणी विचारत नाही. सगळे एकदाचे कबूल झालेले असतात, आणि तो आनंद मोडायचा कसा? मीही विचारलं नाही. माझं काम तर विचारण्याचंच आहे.

शुक्रवारी मी शेडमध्ये प्रयोग केला. पाच अंशांना अक्षरं गडद लाल. अठरा अंशांना बावीस मिनिटांत नाव गायब. पुन्हा पाच अंशांना नेलं तर अर्ध्या तासात परत लाल. हा तिसरा आकडा मी वहीत लिहिला आणि वही मिटली. शनिवारचा अंदाज स्वच्छ उन्हाचा होता, दुपारी सतरा अंश.

शनिवारी सकाळी खरंच ऊन होतं. बँड वाजला, कासवाने मान वर केली. पोटातल्या खुर्चीवर बारेंट बसलेला होता. तिथे त्याला ट्रकच्या आवाजापलीकडे काही ऐकू येत नाही आणि फटीतून फक्त समोरच्या रथाची चाकं दिसतात. मिरवणुकीत तो कधीच बाहेर नसतो. शेपटीवर लाल अक्षरं झगमगत होती. थेआबाई रस्त्याच्या कडेने चालत लोकांना हात करत होत्या. "ए थेआ, कासवाने तिकीट काढलं का?" कुणीतरी ओरडलं. "जायचं आणि यायचं, दोन्ही!" त्या ओरडल्या.

दहा वाजता समुद्रावरून धुकं आलं. वसंतात असं होतं. जमीन तापते, समुद्र अजून गार असतो, आणि पाच मिनिटांत सगळा किनारा दुधात बुडवल्यासारखा होतो. पारा चौदावरून आठवर आला आणि तिथेच बसला. कासवाच्या पाठीवर माशांच्या वेशातल्या सहा मुली होत्या. त्यांचे दात वाजू लागले. अक्षरं मात्र तशीच लाल राहिली, उलट धुक्यात जास्तच उठून दिसू लागली. थेआबाई प्रत्येक गावात वळून बघायच्या आणि मला म्हणायच्या, "हेस्टर, तुझी फुलं काय टिकलीत गं!"

हद्दीच्या पाटीपाशी, कालव्यावरच्या पुलाजवळ, सांडर आधीच उभा होता. गळ्यात मफलर, हातात फळी, फळीवर अर्ज. त्याने अक्षरांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"वाचता येतंय," तो म्हणाला.

"हो."

"अगदी सहज वाचता येतंय."

"हवेचं तापमान आठ आहे," मी म्हटलं. "सतरा असणार होतं."

"मला हे अर्जात कुठे लिहू?"

बारेंट पोटातून बाहेर आला. त्याला काय झालं ते एका नजरेत कळलं. सगळे रथ रांगेत थांबले होते, लोक पावाला चीज लावून खात होते. तो खाली कठड्यावर बसला आणि दुखरी बोटं दुसऱ्या हाताने चोळू लागला. "शेपूट उपटून टाका," तो म्हणाला. "उघडा पेंढा दिसू दे. गुण जातील ते जातील. मान तरी बघतील."

"थांब जरा," योप म्हणाला. "हीटर आहे की."

मागच्या वर्षी पावसात नाचणाऱ्या मुलींना हुडहुडी भरली होती. तेव्हापासून मंडळाच्या गाडीत एक हीटर असतो. बांधकामाच्या जागी वापरतात तो, पिंपाएवढा, डिझेल जाळून गरम हवेचा झोत फेकणारा. योपने तो ओढत आणला, शेपटीसमोर ठेवला आणि चालू केला. आवाज असा, की कालव्यातली बदकं उडाली. मी हातात थर्मामीटर धरून उभी राहिले आणि "जरा मागे, पंचवीसच्या वर नको," असं ओरडत राहिले. मासे झालेल्या मुली खाली उतरून झोताशेजारी हात शेकायला आल्या. थोड्या वेळाने सांडरही आला.

"साहेब, सरका, फुलांना हवा लागू दे," योप म्हणाला.

"सॉरी," सांडर म्हणाला आणि एक पाऊल सरकला. फक्त एकच.

अकराव्या मिनिटाला अक्षरांच्या कडा फिकट होऊ लागल्या. सोळाव्या मिनिटाला सगळं पांढरं. सांडरने स्वतःवर विश्वास ठेवला नाही. कुत्रा घेऊन एक आजीबाई पुलावरून येत होत्या, त्यांना त्याने थांबवलं.

"आजी, इथे तुम्हाला काय वाचता येतंय?"

आजीबाईंनी चष्मा वर केला, खाली केला. "काही नाही. पण डिझेलचा वास मारतोय बघ. शहरात याला बंदी नाही का रे?"

"जाहिरातीला आहे, आजी."

"हां," आजीबाई म्हणाल्या आणि कुत्र्याला ओढत निघून गेल्या.

सांडरने अर्जावर वेळ लिहिली, सही केली. आम्ही हद्द ओलांडली तेव्हा मी घड्याळ पाहिलं. हद्दीपासून चौकापर्यंत वीस मिनिटं. परीक्षकांसमोर प्रत्येक रथ सात मिनिटं थांबतो. वहीतला तिसरा आकडा मला तेव्हा आठवला. मी रथामागून चालत होते आणि सांडर सायकल हातात धरून माझ्या शेजारून. त्याला सांगावं की नाही यावर मी पहिली दहा मिनिटं घालवली. नंतर सांगून उपयोग उरला नव्हता.

चौकात चार हजार माणसं होती आणि धुकं. कासव परीक्षकांच्या मांडवासमोर थांबलं. मान वर आली, थांबली, खाली गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, नेहमीसारख्या. तीन मिनिटांनी मांडवातल्या एका बाईंनी शेपटीकडे बोट दाखवलं.

पुलाजवळ हीटरच्या झोतापासून लांब राहिलेलं टोक आधी गार झालं. पांढऱ्यावर एक गुलाबी रेघ आली, मग तिचं अक्षर झालं. फुलं मिटताना दिसत नाहीत, मिटलेली दिसतात. पण अकराशे फुलं एकदम मिटत असली तर डोळ्याला ते कळतं, जणू कुणी आतून लिहितंय. एका मुलाने मोठ्याने वाचलं, "सहली." मग दोनतीनशे माणसांनी एकत्र वाचलं, "विमानसहली!" आणि 'रोटेफेल' पूर्ण झालं तेव्हा सगळा चौक एका सुरात ओरडला. मुलं वडिलांच्या खांद्यांवर चढली. प्रत्येकाचा फोन वर होता. थेआबाई मांडवाच्या खांबाला धरून रडत होत्या. शहरात आजवर कुठल्याही जाहिरातीला टाळ्या मिळालेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

मी सांडरकडे वळले.

"हद्दीच्या पाटीपाशी वाचता येऊ नये, असं ठरलं होतं," तो सावकाश म्हणाला. "तिथे वाचता येत नव्हतं. माझ्याकडे साक्षीदार आहे."

"आणि आता?"

त्याने फळीवरचा अर्ज वरपासून खालपर्यंत पाहिला. "आता फुलं मिटताहेत. त्यासाठी माझ्या अर्जात रकाना नाही." मग थोडा वाकून त्याने विचारलं, "ही जात बाल्कनीत कुंडीत येते का?"

चार वाजता निकाल वाचला गेला. पहिला क्रमांक, झांडहोर्न. परीक्षकांच्या प्रमुख बाईंनी कागद हातात घेऊन सांगितलं, की मिरवणुकीच्या इतिहासात प्रथमच फुलं केवळ सजावट न राहता बोलू लागली, श्वास घेणारी अक्षरं हा या वर्षीचा सर्वात धाडसी विचार आहे. मी पूर्ण कागद ऐकला. त्यात 'कासव' हा शब्द एकदाही नव्हता.

बारेंट पोटातून बाहेर आला तोवर टाळ्या संपल्या होत्या. कपाळावर घाम, केसांत पेंढा. योपने त्याला मिठी मारली आणि कानात ओरडून सांगितलं, पहिला! पहिला! बारेंटने टोपी काढली, पुन्हा घातली. मग तो माझ्याकडे आला, कारण अशा गोष्टी तो माझ्याकडून खात्री करून घेतो.

"काय म्हणाले मानेबद्दल?"

"काही नाही म्हणाले."

"आणि ढालींचे रंग?"

"तेही नाही."

"मग?"

"अक्षरांना मिळाला," मी म्हटलं. "हीटरने उमलली होती, ती इथे येऊन मिटली. लोकांना ते आवडलं."

त्याने रथाच्या शेपटीकडे पाहिलं. तिथे माणसांची दाटी होती, सगळे नावासमोर उभे राहून फोटो काढत होते. थेआबाई मध्येच उभ्या राहून हात हलवत होत्या. "बारेंट!" त्या ओरडल्या. "पुढच्या वर्षी नुसतं नावच करू या! कासवबिसव राहू दे!"

"एकतीस वर्षं," बारेंट म्हणाला, "मी ते चाळीस सेंटिमीटरच्या वर जाऊ दिलं नाही."

त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

परीक्षकांचा माणूस मोठा चषक घेऊन आला. बारेंटने तो घेतला, आभार मानले आणि थेआबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो ताबडतोब डोक्यावर उंच धरला आणि आणखी फोटो निघाले. बारेंट गर्दीतून वाट काढत रथाच्या दुसऱ्या टोकाला गेला. डोक्याकडच्या बाजूला कुणीच नव्हतं. ट्रकचं इंजिन बंद करून योप सिगारेट ओढत होता, तेवढाच. बारेंट वाकला आणि पुन्हा कासवाच्या पोटात शिरला.

मी समोर जाऊन उभी राहिले. साखळी कुरकुरली. मान हळूहळू वर आली, धुक्यात जरा थांबली आणि श्वास घेतल्यासारखी खाली गेली.

"दिसतंय का नीट?" आतून आवाज आला.

"दिसतंय," मी म्हटलं. "खाली येताना डावीकडे अडखळते. साधारण तीन सेंटिमीटर."

साखळी थांबली. आत कुठेतरी लोखंडावर टकटक झाली.

"साखळीच्या चाकाचा दात झिजलाय," बारेंट म्हणाला. "योपला सांग, पक्कड एवढ्यात देत नाही म्हणावं."